शब्दचर्चा : स्वमग्न मुलाचा 'हट्ट' की आणखी काही?

प्रश्न : माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वय सहा. लग्नात बँड सुरू झाला की कान दाबून जमिनीवर पडतो, किंचाळतो. नातेवाईक म्हणतात 'हट्टी आहे', 'आकांडतांडव करतो'. त्याच्या थेरपिस्ट 'मेल्टडाउन' म्हणतात. याला मराठी शब्द कोणता? आणि जो स्वतःतच मग्न, त्याला बाहेरच्या आवाजाचा एवढा त्रास कसा?

प्रतिसाद : हट्ट कशासाठी तरी असतो. मूल रडता रडता समोरच्याकडे बघतं, खेळणं मिळालं की थांबतं. 'थयथयाट' आणि 'आकांडतांडव' या शब्दांतही कुणाला तरी दाखवण्याचा भाग येतोच. तुमच्या भाच्याला काही मिळवायचं नाही, आवाज सोसवेनासा झालाय. म्हणून खाऊ दिला तरी तो थांबत नाही, रागावलं तर वाढतं. मी 'अनावर होणं' वापरते. 'तो अनावर झाला' यात त्याचं त्यालाच आवरत नाही, हे येतं. 'उद्रेक' मला पटत नाही, त्यात राग फार डोकावतो. आणि हो, काही मुलं किंचाळत नाहीत, एकदम गप्प होतात, हाकेला ओ देत नाहीत. त्यांना 'शहाणं बाळ' म्हटलं जातं, आणि त्रास कुणाच्या लक्षातच येत नाही.

प्रतिसाद : 'स्वमग्न'बद्दल. मूळ 'ऑटिझम' शब्द ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांचा, १९११च्या सुमाराचा, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दलचा : जगाकडे पाठ फिरवून स्वतःत जाणं. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तो घेतला. पण त्याच लेखात ही मुलं व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र, अगदी वाऱ्यालाही घाबरतात, अशी नोंद आहे. म्हणजे बाहेरचं जग त्यांच्यापर्यंत पोचत होतं, जास्तच पोचत होतं. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत संवेदनांना अति किंवा फार कमी प्रतिसाद देणं निदानाच्या निकषांत स्पष्टपणे आलं. कुकरची शिट्टी, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, ट्यूबलाइटची गुणगुण, डोक्याला लावलेल्या तेलाचा वास : यातलं एकेक सोसतं, चार एकत्र आले की नाही. म्हणून 'काही कारण नसताना चिडला' असं वाटतं. कारण सकाळपासून साठत आलेलं असतं.

'स्वमग्न' आता रूढ आहे, राहू द्या. 'आत्मकेंद्री' मात्र कृपया नको. तो स्वार्थी माणसाचा शब्द आहे.

प्रतिसाद : 'भावनाशून्य' हाही शब्द सोडायला हवा. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसरं मूल रडलं की कान झाकून खोलीबाहेर पळते. तिला काही वाटत नाही असं नाही, ते रडणं तिला सोसवत नाही. एकमेकांना समजून घेण्यातली अडचण स्वमग्न माणसं आणि इतर, अशी दोन्ही बाजूंची असते, असं संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत.

हीच मुलगी तहान लागली की 'तुला पाणी हवंय?' असं म्हणते. पाणी मिळताना तिने नेहमी हेच वाक्य ऐकलंय, म्हणून मागतानाही तेच. व्याकरण दुरुस्त करत बसण्याआधी तिला पाणी द्यावं, आणि देताना तिच्या वतीने 'मला पाणी हवंय' म्हणावं.

प्रश्नकर्ता : 'अनावर' आवडला. पुढच्या लग्नाआधी घरच्यांना एवढंच सांगणार : बँड वाजायच्या आधी त्याला बाहेर नेऊ, आणि तो अनावर झालाच तर कुणी समजूत काढू नका, भोवती गर्दी करू नका.