जिभेखालचा बंध कापण्याआधी आणि नंतर बॉडीवर्क: गरज की सक्ती?

चौकसबाबा:
मुलगा तीन आठवड्यांचा असताना टंग-टाय असल्याचं कळलं. जिभेखालचा पडदा थेट शेंड्यापर्यंत आलेला, रडला की शेंड्याला मधोमध खाच पडायची. बायकोच्या निपलला भेगा. पडदा कापायचं ठरलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत हातात ठेवलेल्या यादीची. आधी ३ वेळा क्रेनियोसेक्रल थेरपी (बॉडीवर्कचाच प्रकार, डोक्या-मानेला अगदी हलक्या हाताने दाबायचं), नंतर ४ वेळा, शिवाय दिवसातून सहादा जखमेखाली बोट घालून ताण द्यायचा. 'नाही केलंत तर पुन्हा चिकटेल, मग आम्हाला बोलू नका.' कात्रीचं काम क्षणाचं आणि आगेमागे महिनाभराचं पॅकेज! ज्याला हवं त्याने करावं, पण त्याची अट घालणं म्हणजे घाबरलेल्या आईबापांना कोंडीत पकडणं, असं माझं स्पष्ट मत.

जागरण_एक्स्प्रेस:
सरसकट झोडपू नका. माझी मुलगी मान फक्त उजवीकडे वळवायची. एका बाजूला नीट प्यायची, दुसऱ्या बाजूला घेतलं की पाठीची कमान करून ताठ. बंध कापला, तरी आठवडाभर ढिम्म फरक नाही. मग फिजिओथेरपिस्टने मानेला हळूहळू ताण द्यायला शिकवलं, उचलण्याची आणि झोपवण्याची बाजू बदलायला लावली. दहा-बारा दिवसांत दोन्हीकडे पिऊ लागली. जीभ काही तोंडात सुटी ठेवलेली नसते हो, ती जबड्याला आणि गळ्यातल्या हायॉइड हाडाला बांधलेली असते. मान आखडलेली असताना नुसता पडदा कापून काय होणार?

पुराव्यानिशी:
तुम्ही सांगताय ते टॉर्टिकोलिससारखं (मानेचा स्नायू एका बाजूला आखडणं) वाटतं, आणि त्यावर फिजिओथेरपी हा सर्वमान्य उपचार आहे. तिथे भांडण नाहीच. पण त्या पुण्याईवर क्रेनियोसेक्रल का विकायचं? जॉन अपलेजर यांनी १९७० च्या दशकात हा प्रकार पुढे आणला. मेंदूभोवतीच्या द्रवाची लय बोटांना जाणवते, हा त्याचा पाया. एकाच माणसाची लय दोन थेरपिस्टांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे तपासून झालंय. मग ती नक्की जाणवते कोणाला?

ऊबदार हात:
आला कात्रीचा भक्त! कात्रीचा तरी पुरावा कुठे ठणठणीत आहे? कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०१७ चा आढावा बघा: ५ चाचण्या, ३०२ बाळं. आईचं दुखणं सुरुवातीला कमी झालं, पण बाळाचं पिणं सुधारल्याचा एकसारखा पुरावा नाही. उलट त्याच वर्षी कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ९७ माय-लेकरांच्या चाचणीत स्तनपान सल्ल्याला ऑस्टिओपॅथीची (हाताने स्नायू-सांधे मोकळे करण्याची पद्धत) जोड दिल्यावर लॅच, म्हणजे बाळाची स्तनावरची पकड, सुधारल्याचं दिसलं.

पुराव्यानिशी:
ती चाचणी चोखण्याच्या अडचणींची होती, टंग-टाय कापल्यानंतरची नव्हे. आणि फ्रान्समध्ये १२८ जोड्यांवर झालेल्या चाचणीत महिनाभराने निव्वळ स्तनपानाचं प्रमाण ऑस्टिओपॅथीने वाढलं नाही. ती का नाही सांगितलीत? कात्रीबद्दलचा मुद्दा मात्र मान्य.

दूधसोबती:
मी स्तनपान सल्लागार आहे. इथे दोन गोष्टींची खिचडी झालीय. बॉडीवर्क म्हणजे मान, जबडा, खांदे यांवरचं काम. जखमेला ताण देणं ही वेगळीच गोष्ट, आणि मला जास्त खटकते ती हीच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालातही या ताणाच्या व्यायामांची शिफारस नाही. कापल्यावर जिभेखाली शंकरपाळ्याच्या आकाराचा पांढरट-पिवळा डाग येतो. तो पू नसतो, जखम भरत असते. आईला ते कोणी सांगत नाही आणि ती त्यावर बोट घासत बसते.
बॉडीवर्कबद्दल म्हणाल, तर काही बाळं त्यानंतर खरंच सैलावतात. पण पाऊण तास कोणीतरी शांतपणे आई-बाळाजवळ बसतं, यालाही काही श्रेय द्याल की नाही? पहिल्या दीड महिन्यात बरीच बाळं तशीही प्यायला शिकतात. म्हणून मी आधी अख्खं एक फीडिंग बघते, निपल बाहेर येताना चेपलेलं, टोकाला पांढरं पडलेलं आहे का ते पाहते. मग पुढचं.

ऊबदार हात:
म्हणजे फायदा होतो, फक्त श्रेय द्यायचं नाही!

जागरण_एक्स्प्रेस:
मी ते ताणाचे व्यायामही केले. गाणं म्हणत केले, मुलीने कधी कुरकुर केली नाही.

चौकसबाबा:
तुमची मुलगी गुणी. आमचा नवव्या दिवसापासून बोट दिसलं की ओठ गच्च मिटायचा, नंतर नंतर तर स्तन जवळ आणला तरी. व्यायाम बंद केले तेव्हा पाचव्या दिवशी तोंड उघडलं.

जागरण_एक्स्प्रेस:
आणि बंध? पुन्हा चिकटला का?

चौकसबाबा:
नाही. राहिलेली तीन सेशन्स मात्र तशीच पडून आहेत, पैसे परत मिळत नाहीत म्हणाले.