मदत हवी आहे : आबांची .२२ मॅग्नम रायफल, ठेवावी की द्यावी (आणि मुळात घेतली कशाला?)

दहिवडीकर :

नमस्कार मंडळी. चुकीच्या विभागात धागा पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

गाव दहिवडीजवळ, ता. माण. आमचे आबा म्हणजे आजोबा यंदा श्रावणात गेले. त्यांच्या परवान्यावर दोन हत्यारं. एक बारा बोअरची दुनळी, ती गावाला माहीत आहे. दुसरी रायफल. निवडणूक आली की दोन्ही ठाण्यात जमा व्हायच्या, निकालानंतर परत यायच्या, पण रायफल गवसणीतून बाहेर निघालेली घरातल्या पोरांनी कधी पाहिली नव्हती.

परवा थोरल्या चुलत्यांनी ती काढली. बोल्टची आहे, दस्ता अक्रोडाचा, खाली पत्र्याचं छोटं मॅगझिन. नळीवर इंग्रजीत '.२२ डब्ल्यू. एम. आर.' (विंचेस्टर मॅग्नम रिमफायर, हीच .२२ मॅग्नम) कोरलंय. परवान्याच्या पुस्तकात मात्र नुसतं '.२२ रायफल' एवढंच. सोबत पुठ्ठ्याची एक अर्धी डबी, त्यात तांब्याच्या टोकाची काडतुसं. माझा मावसभाऊ कराडला रायफल क्लबात जातो, त्याच्याकडच्या .२२ पेक्षा ही बरीच लांब दिसतात.

तर विचारायचं असं की क्लबातली साधी .२२ काडतुसं यात चालतील का? भाऊ म्हणतो बोअर, म्हणजे नळीचं भोक, एकच आहे, चालायला हवीत. दुसरं, पुढे परवान्याचं काय करायचं? चुलते म्हणतात विकून टाक, वडील म्हणतात आबांची आठवण आहे.

आणि एक निव्वळ कुतूहल. आबा ससे-तितरांची शिकार करायचे, तीही कायदा यायच्या आधी. त्यासाठी दुनळी होतीच की. मग मुद्दाम ही महागाची परदेशी रायफल घेण्याचं कारण काय असेल? घरात सांगणारं कुणी उरलं नाही.

कृष्णाकाठ :

आधी भावाला फोन करा आणि सांगा की नको. बाकीचं निवांत बोलू.

.२२ मॅग्नम आणि .२२ लाँग रायफल (क्लबातली साधी .२२ ती हीच) यांची गोळी जवळपास एका मापाची, पण पुंगळी, म्हणजे बारूद भरलेली धातूची नळी, वेगळी. लाँग रायफलची पुंगळी ५.७ मिलिमीटर जाडीची, मॅग्नमची ६.१. म्हणजे साधं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) जातं, आणि जातं हीच अडचण आहे. आत ते ढिलं बसतं, बार झाला की पुंगळी फुगून फाटू शकते आणि गरम वायू बोल्टच्या बाजूने मागे, तोंडावर येतो. उलट बाजूने धोका नाही, कारण मॅग्नमचं काडतूस साध्या .२२ मध्ये बसतच नाही.

आणखी एक. चुलत्यांनी बोल्ट ओढून चाप दाबून पाहिलाच असेल, सगळेच पाहतात. पुन्हा नको. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, पिन त्या कडेवर बसते. काडतूस नसेल तर तीच पिन चेंबरच्या ओठावर आपटते आणि तिथे खाच पडते. मग पुढे काडतूस आत जाताना अडतं.

बारा_बोअर :

दहिवडीकर, आबांना नमस्कार. आमचं फलटण, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

तुमच्या माणात दुनळी घेऊन सशामागे जायचं म्हणजे काय, ते तिथल्या माळावर उन्हात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. झाड नाही, आडोसा नाही, एखादं बोरीचं झुडूप. ससा खळग्यात कान पाडून बसतो, आणि माणूस तीस-चाळीस पावलांवर आला की उठून सुटतो. छर्ऱ्यांचा जोर तेवढ्यातच असतो. पळत्या सशावर दुनळी ठीक, पण घरी आणून सोलला की मटणात छर्रे. आमची आई दाताखाली छर्रा आला की ताट सरकवून उठायची आणि वडिलांशी दिवसभर बोलायची नाही.

साध्या .२२ ने हा प्रश्न सुटायचा, पण पन्नास-साठ यार्डांपर्यंतच. त्यापुढे गोळी खाली यायला लागते आणि अंदाज चुकतो. माळावर ससा दिसायचा शंभरावर. ही मधली जी जागा आहे ना, पन्नास ते सव्वाशे, तिथे मॅग्नम बसते. मोठी रायफल घेतली तर सशाचं काही उरत नाही आणि आवाज तीन वाड्यांना ऐकू जातो.

विंचेस्टरने हे काडतूस १९५९ ला काढलं. त्यांचं काडतूस, पण त्यांची स्वतःची रायफल यायच्या आत दुसऱ्या कंपन्यांनी त्याची हत्यारं बाजारात आणली, ही गंमत. तेव्हा आपल्याकडे परदेशी हत्यारं यायची. म्हणजे तुमच्या आबांनी अगदी ताजा माल घेतला होता. त्या काळात १९५१ च्या मुंबई कायद्याखाली शिकारीचा परवाना निघायचा. १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि सगळं बंद झालं.

थोडी हौसही असणारच. ज्याच्याकडे नवं हत्यार, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार माणसं जास्त.

पाटणची_वकीलीण :

बारा_बोअर काका, एक दुरुस्ती. १९७२ च्या मूळ कायद्यात लहान शिकारीचा परवाना होताच. पहिल्या अनुसूचीतले प्राणी पूर्ण वर्ज्य, बाकीच्यांसाठी परवाना आणि अटी. ते दार बंद झालं १९९१ च्या दुरुस्तीने. आजचं कलम ९ त्या दुरुस्तीचं आहे.

परवान्याच्या प्रश्नाचं सविस्तर रात्री लिहिते, कोर्टात आहे.

इस्लामपूर_ते_मिसुरी :

कुतूहलाच्या प्रश्नावर मी बोलू शकतो. मूळचा इस्लामपूरचा, आता मिसुरीत. इथे खारी आणि ससे यांची शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला, लायसन्स काढायचं, दिवसाला किती मारायच्या त्याची मर्यादा. खार म्हणजे आपली तीन पट्ट्यांची नव्हे, चांगली मांजराच्या पिल्लाएवढी. लोक खातात. मीही खाल्ली आहे, तांबड्या रश्श्यात बरी लागते.

इथल्या लोकांना मॅग्नमचं वेड का, तर आकड्यांत सांगतो. साध्या .२२ ची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण १०८० ते १२५० फूट वेगाने निघते. तेवढ्याच वजनाची मॅग्नमची गोळी १९०० फुटांनी. नळीतून निघतानाचा जोर दुपटीहून जास्त. पन्नास यार्डांवर नेम जुळवलेली साधी .२२ शंभर यार्डांवर पाच-सहा इंच खाली लागते, सशाच्या डोक्यावर धरली तर पायाखालच्या मातीत जाते. मॅग्नम पंचाहत्तरवर जुळवा, शंभरावर जेमतेम दीड इंचाचा फरक. हिशोब न करता धरायचं आणि चाप ओढायचा. शिवाय धक्का नाही, वजन कमी, काडतुसांची डबी शर्टाच्या खिशात मावते.

जोर वाढला कसा, तर दाब वाढवून नाही. कड चेपून पेटवायची म्हणजे कडेचा पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. दोन्ही काडतुसांची दाबाची मर्यादा सारखीच, चौरस इंचाला २४ हजार पौंडांच्या आसपास. म्हणून पुंगळी लांब करून बारूद जास्त भरलं. साधीची पुंगळी साडेपंधरा मिलिमीटर, मॅग्नमची पावणेसत्तावीस. तुम्हाला लांब दिसली ती हीच.

२००२ ला हॉर्नडी कंपनीने हीच पुंगळी गळ्याशी आवळून त्यात .१७ ची १७ ग्रेनची चिमुकली गोळी बसवली, .१७ एचएमआर. ती २५५० फुटांनी सुटते, शंभर यार्डांवर जुळवली की दीडशेवर तीनच इंच खाली. शेताची नासाडी करणाऱ्या प्रेअरी डॉगवर (बिळात राहणारा, खारीच्या जातीचा प्राणी) लोक ती वापरतात. पण खायच्या सशावर छातीत बसली तर पुढचे दोन्ही पाय टाकून द्यावे लागतात. डोक्यात मारता येत असेल तरच वापरावी, असं माझं मत. आणि डोक्यातच मारायचं, तेही झाडाखाली तीस यार्डांवर, तर साधी .२२ काय वाईट? आवाज कमी, काडतूस मॅग्नमच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या किमतीत. जंगलातल्या खारींना मी साधीच नेतो. मॅग्नम मोकळ्या रानाची. काकांनी माळाचं जे सांगितलं ते शंभर टक्के पटलं, तुमच्या आबांनी रान बघून हत्यार घेतलं.

माळरान_रायडर :

मस्त माहिती. आमच्या मक्यात रानडुकरं धुमाकूळ घालतात, कडेगाव साईड. असली मॅग्नम रात्री बॅटरीवर चालेल का? कुणाकडे विकायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कृष्णाकाठ :

असले व्यवहार व्यनित होत नाहीत, ज्याच्याकडे परवाना नाही त्याला हत्यार विकणं हाच गुन्हा आहे.

रानडुकराचं म्हणाल तर ४० ग्रेनची गोळी नराच्या खांद्यावरच्या जाड कातड्यात अडकून बसेल. तो मरत नाही, जखमी होऊन शेजारच्या उसात शिरतो. मग पहाटे कोयता घेऊन सरीत उतरलेल्या तोडणीवाल्या बाईपुढे काय येतं, याचा विचार करा. अमेरिकेतही हे काडतूस खार, ससा, फार तर जवळच्या कोल्ह्यापुरतं मानतात.

पाटणची_वकीलीण :

आणि रायडर, कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्न, फासा लावणं, हुसकावत नेणं हेही येतं. ससा असो की डुक्कर. छर्ऱ्याची एअरगन विनापरवाना मिळते म्हणून तिने तितर मारलं तरी तोच गुन्हा. नुकसानीसाठी वनरक्षकाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज द्या. उपद्रवी डुकराचा बंदोबस्त वनखात्याच्या लेखी परवानगीनेच होतो.

आता दहिवडीकरांचं.

परवानाधारक गेला की त्या परवान्यावर घरातल्या कुणाचाही हक्क राहत नाही. शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की हत्यार विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. श्रावणापासून ते घरात आहे, तेव्हा आधी ते करा. दोन्ही हत्यारं, आणि काडतुसांची अर्धी डबीसुद्धा.

मग वारसाचा अर्ज. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ वारसांसाठी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत. चुलत्यांची सही लागणार, म्हणून विकायचं की ठेवायचं हे घरात बसून आधी मिटवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाची धरून. वडिलांच्या नावावर आधी काही असेल तर मोजा.

दहिवडीकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला फोन केला, तो आज संध्याकाळी काडतुसं घेऊन येणारच होता.

वडिलांच्या नावावर काही नाही. चुलते म्हणाले, दुनळी मी घेतो, रायफल तुम्ही ठेवा. एवढ्यावर मिटलं. रायफल क्लबात वापरता येईल का? म्हणजे वडिलांनी मेंबरशिप घेतली तर.

कृष्णाकाठ :

स्पर्धेसाठी नाही. ५० मीटर रायफलमध्ये .२२ लाँग रायफलच चालते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला कांस्य घेतलं ते त्यावरच. तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, वेगाचा काही उपयोग नाही, गोळी दरवेळी सारखी वागली पाहिजे. मॅग्नम त्यात कच्ची आहे. बऱ्याच रेंजवर ती लावूही देत नाहीत. शिवाय काडतुसं मिळणं मुश्कील, आणि रिमफायरची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. ठेवायचीच तर आठवण म्हणून ठेवा. डबीतली जुनी काडतुसं वाजवून बघायचा मोह नको.

पाटणची_वकीलीण :

परवान्यात नुसतं '.२२' आहे आणि नळीवर मॅग्नम, हे अर्जातच स्पष्ट लिहा. जमा करताना पावतीवरही नळीवरचा मजकूर आणि हत्याराचा नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या. नंतर तपासणीत फरक निघाला तर तुम्हालाच हेलपाटे.

बारा_बोअर :

ठाण्यापेक्षा विक्रेत्याकडे ठेवा, भाडं पडलं तरी चालेल. माझी बंदूक एका ठिकाणी मुद्देमालाच्या खोलीत एक पावसाळा राहिली, परत आली तर नळी आतून तांबूस झालेली. देण्याआधी नळीतून तेलाचं फडकं फिरवा, आणि कापडी गवसणीत ठेवू नका, कापड ओल धरतं.

दहिवडीकर :

काका, तेल कुठलं? घरात शिवणयंत्राचं आहे.

बारा_बोअर :

तेच चालेल. पातळ हात द्या, चेंबर मात्र कोरडं पुसा.