२२ जुलै जवळ येतोय: तुम्ही 'पाय'चा दिवस कसा साजरा करता?

१४ मार्च आला की सगळीकडे पाय डे, पाय डे सुरू होतं, पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, तो π. अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून ३.१४, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनेही हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून ठरवला, सगळं चांगलंच आहे. पण आपण तारीख आधी लिहितो आणि आपल्याला शाळेत पाय पहिल्यांदा भेटला तो बावीस छेद सात म्हणून, त्यामुळे माझ्यासाठी खरा सण २२ जुलै. आणि हे नुसतं प्रेमापोटी म्हणत नाहीये हं, २२/७ म्हणजे ३.१४२८, खरा पाय ३.१४१५९, करा वजाबाकी, ३.१४ पेक्षा २२/७ जास्त जवळ आहे!

मी सातवीला गणित शिकवते, खेड्यातली शाळा. गेल्या वर्षी पोरांना सांगितलं की २२ तारखेला घरातली कुठलीही एक गोल वस्तू आणा. ताटल्या आल्या, डब्याची झाकणं आली, सायकलची रिम आली, एकाने आजीची पितळी परात डोक्यावर धरून आणली कारण पाऊस होता आणि छत्रीपेक्षा तीच बरी पडली. सुतळी गुंडाळायची, पट्टीवर मोजायची, मग व्यास मोजायचा आणि भागायचं. परातीचा परीघ १३२ सेंटिमीटर, व्यास ४२. भागाकार चालू असताना वर्गात चिडीचूप, आणि ३.१४२ आल्यावर तो मुलगा परातीकडे असा बघत बसला की जणू ती आजच घरात आलीय. बाटलीच्या बुचाचं मात्र ३.४ आलं. का आलं यावर अर्धा तास बोललो, सुतळीची जाडी लहान वस्तूला किती नडते ते त्यांनीच शोधून काढलं.

तर तुम्ही काय काय करता, घरी, ऑफिसात, सोसायटीत? मनापासून लिहा, यावर्षी शाळेत करून बघायचंय.

कासारवाडा

मी कासाराची मुलगी, आमचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यामुळे माझा पाय रोजचाच. बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं सांगतात ना, बऱ्याच जणींना वाटतं ते दोन पॉइंट आठ इंच. तसं नसतं. दोन इंच आणि वर सोळा भागांतले आठ, म्हणजे आतला व्यास बरोबर अडीच इंच. आईला हे तोंडपाठ, हात नुसता दाबून बघते आणि माप सांगते, पण लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक फोनवर आलं आणि हात दाबायचा कसा? मग मी युक्ती केली. अंगठा करंगळीकडे दुमडून हात निमुळता करा, जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे कागदाची पट्टी गुंडाळा, पट्टीची लांबी सांगा. ७.८५ इंच आले तर भागिले पाय, अडीच, दोन-आठ पाठवून द्या. साधारण साडेसात आले तर दोन-सहा. आई आधी म्हणाली असं कुठं असतं का, पण पहिला डझन बरोबर बसला तेव्हा तिने तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'च्या खाली लिहून ठेवला. आता २२ जुलैला शाळेतल्या मुली दुकानात येतात, आपापली पट्टी मोजतात, भागाकार स्वतः करतात आणि माप बरोबर निघालं की काचेच्या दोन बांगड्या माझ्याकडून.

फ्रीमाँटकर

धागा छान. मी १४ मार्चवाल्यांतला, पण दोन्ही दिवस करतो. ज्या ठिकाणी हे सुरू झालं ते सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम आमच्यापासून तासाभरावर. तिथे काम करणाऱ्या लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने १९८८ साली पहिला पाय डे केला. दुपारी १ वाजून ५९ मिनिटांचा मुहूर्त, कारण ३.१४ च्या पुढे १५९. लोक एकेक अंक हातात घेऊन रांगेने चालतात आणि पाय श्राइन नावाची एक गोल तबकडी आहे तिच्याभोवती फिरतात. माझ्या मुलीच्या हातात ९ होता. माझे सासरे सोबत होते, त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडूनच फेरी मारली, म्हणाले प्रदक्षिणा आहे ही, गोलाभोवती गोल. मला ते फार आवडलं, अजूनही कुणाला सांगताना गळा दाटतो. त्याच दिवशी आइन्स्टाइनचा वाढदिवस असतो, १४ मार्च १८७९. तिथे पाय नावाचा गोल खाद्यपदार्थ खातात, नावावरून, आम्ही घरी येऊन पुरणपोळी केली आणि सासऱ्यांनी पोळीचा व्यास आधी मोजायला लावला.

काडेपेटी

आम्ही आजोबा-नातू काड्या टाकतो. ब्यूफाँ नावाच्या फ्रेंच माणसाचा प्रयोग आहे, १७७७ मधला. मोठ्या कागदावर ८ सेंटिमीटर अंतराने समांतर रेषा मारायच्या आणि ४ सेंटिमीटरची काडी उंचावरून टाकायची, कशीही पडू दे. काडी रेषेला लागायची शक्यता बरोबर एक भागिले पाय. म्हणजे एकूण किती टाकल्या भागिले किती रेषेवर पडल्या, की पाय. वर्तुळ कुठेच नाही आणि पाय हजर! खरं तर काडीचा कोन कसाही येऊ शकतो त्यात ते गोल फिरणं लपलंय, पण नातवाला हे मी सांगितलं नाही, त्याला तिसऱ्या दिवशी स्वतःलाच सुचलं. तो टाकायचा, मी वहीत रेघा ओढायचो, पाच झाल्या की आडवी. ५०० काड्यांत १६१ रेषेवर, म्हणजे ३.११. उत्साहात हजार केल्या, तर ३१६ आणि ३.१६. एकदा कमी, एकदा जास्त. नातू हिरमुसला, म्हणाला, आजोबा, हजार टाकूनपण दुसराच अंक हलतोय. बरोबर आहे त्याचं, ही पद्धत फार हळू जवळ जाते, आणखी एक अंक पक्का करायला जवळपास शंभरपट काड्या लागतात. यावर्षी सोसायटीतली सगळी पोरं बोलावलीयेत, कागद वीस आणि वह्या वीस.

पेटीवाला, फोंडा

आमच्या भजनी मंडळातला खेळ सांगतो. १ म्हणजे सा, २ रे, असं ७ पर्यंत नी, ८ तार सा, ९ तार रे, शून्य आलं की एक मात्रा थांबायचं. मग ३१४१५९२६५ होतं ग सा म सा प, वरचा रे, मग रे ध प. पेटीवर वाजवून बघा. त्या पाचव्या प वरून एकदम वरच्या रे ला जी उडी आहे ती कुणी मुद्दाम रचली असती तर आपण वा म्हटलं असतं. तबल्यावाल्याने केरवा धरला आणि वीस मिनिटं आम्ही अंक वाचून वाजवत होतो. दशांशात ७६२ व्या जागेपासून सलग सहा नऊ येतात, तिथे पोचायला पुढची बैठक लागली, पण पोचलो. सहा वेळा तार रे, सगळे उभे राहिले होते.

हॉस्टेल नं. ४

मराठीत पायचं वाक्य! शब्दातली अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. इंग्रजीतली असली वाक्यं खूप आहेत, आपली दिसत नाहीत म्हणून आम्ही मेसमध्ये बसून करायचो, नऊ अक्षरी शब्दाला सगळे अडायचे. शेवटी भाकरी वाढताना एकाच्या तोंडून निघालं:

भाकरी तू चौकोनीच का बनवतोस, शिकवल्यानंतरसुद्धा?

मोजा. ३, १, ४, १, ५, ९. त्या रात्री मेसच्या फळ्यावर मेन्यूच्या जागी हेच लिहिलं होतं. पुढचे अंक २, ६, ५. दोनसाठी 'सांग!' बसतं, त्यापुढे कुणाला जमलं तर लिहा प्लीज.

लीलावतीप्रेमी

मी संस्कृत शिकवतो, चाळीसगावपासून जवळ राहतो. आम्ही मुलांना घेऊन इथल्याच पाटणे गावाला जातो. तिथल्या देवळातल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापल्याचं लिहिलंय, भाऊ दाजी लाडांनी तो लेख जगापुढे आणला. तिथे झाडाखाली बसून भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातला श्लोक फोडायचा हा आमचा खेळ. 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः स सूक्ष्मः'. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३, आता उजवीकडून डावीकडे लिहा, ३९२७. ख म्हणजे आकाश म्हणजे शून्य, मदनाचे बाण ५, सूर्य १२, झाले १२५०. भागा. ३.१४१६. मुलं वाळूत काडीने भागाकार करतात आणि ज्याचं आधी येतं तो ओरडतो. आर्यभटांचं ४९९ सालचं ६२८३२ भागिले २०००० सुद्धा तेवढंच येतं हे दुसऱ्या फेरीत.

आणि धागाकर्त्या ताई, तुमच्यासाठी खास, त्याच श्लोकाच्या पुढच्या ओळीत बावीसने गुणून सातने भागा असंही दिलंय, आणि त्याला शब्द वापरलाय 'व्यवहारयोग्यः'. साधारण ११५० सालचा ग्रंथ.

धागाकर्ती

दादा, हा शब्द मी आत्ताच वहीत उतरवून घेतला, २२ तारखेला फळ्यावर सगळ्यात वर तोच लिहिणार. कासारवाडा ताई, पट्टीची युक्ती आमच्या मुलींना सांगू का, एक जण आत्तापासून विचारतेय. हॉस्टेलवाल्यांचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, ते भाकरी थापता थापता बोटांवर अक्षरं मोजत होते, सहा अक्षरी शब्द शोधतायत, म्हणतायत 'आईसाहेबांना' चालेल का. सांग, आईसाहेबांना... आता पाच अक्षरी कुणीतरी द्या.