सध्या तबकडीवर काय लावलंय? आणि द्रुतातच आवाज का फाटतो?

झूमरा_१४:
मंडळी, सध्या कोण काय ऐकतंय? इकडे अमीर खाँसाहेबांचा १९६० सालचा एचएमव्हीचा एलपी चालू आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित (संथ लय, झूमरा ताल) स्वच्छ वाजतो, खर्जातला आवाज तर भरून येतो. पण द्रुत (जलद लय) लागलं की ताना खरखरतात आणि तारसप्तकात आवाज चक्क फाटतो. दोन्ही बाजूंना तेच. टर्नटेबल बेल्टचा, सुई धरणारं कार्ट्रिज ऑडिओ टेक्निका व्हीएम ९५ ई. सुईचं वजन १.६ ग्रॅम ठेवलंय, म्हणजे तबकडी कमी झिजेल. सुई गेली की तबकडी?

पांढरी_चार:
आधी ते वजन २ ग्रॅम करा. या सुईला १.८ ते २.२ लागतं. कमी वजनाने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई जोरकस तानेत खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आपटते, झीज त्यानेच जास्त. आर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. अँटिस्केटिंगही (सुईची आत ओढ तोलणारी कळ) वजनाइतकंच ठेवा.

आता द्रुतातच का, तर ख्यालाची मांडणी आणि एलपीची भूमिती यांचं मुळातच जमत नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच सरकते आणि आत, लेबलाजवळ, जेमतेम २१. म्हणजे निवांत आलापीला ऐसपैस जागा मिळते, आणि जिथे सेकंदात आठ-दहा स्वर सुटतात ती तान नेमकी सगळ्यात अरुंद जागी कोंबलेली असते. पाश्चात्त्य पॉपवाले बाजूच्या शेवटी एखादं संथ गाणं टाकून वेळ मारून नेतात. आपल्याकडे द्रुत आधी आणि विलंबित नंतर असं कोण गाणार?

म्हणून कार्ट्रिजची जुळवणी महत्त्वाची. नेहमीच्या बेअरवॉल्ड प्रोट्रॅक्टरवर (जुळवणीच्या मापपट्टीवर) सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर बरोबर स्पर्शरेषेत येते. स्टीव्हन्सनच्या मापात हेच बिंदू ६०.३ आणि ११७.४ मिमी, म्हणजे आतल्या कडेला झुकतं माप. अधल्यामधल्या भागात त्याने थोडी जास्त विकृती येते, पण ख्याल ऐकणाऱ्याला हा सौदा परवडतो. कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर वापरलात तर पट्टीने एकदा मोजून घ्या, प्रिंटर ‘फिट टू पेज’ करून दोन मिमी सहज खातो.

जवारी:
वरच्यात भर. १९६० चा हा एलपी मोनो आहे, म्हणजे डावी-उजवीकडे एकच आवाज. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभी हालचाल म्हणजे धूळ आणि ओरखडे. डावा आणि उजवा आवाज एकत्र केला की ती बरीचशी कटते. (‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावताना बटण सोडायला विसरू नका. १९६७ चा तो एलपी स्टिरिओ आहे, संतूर, बासरी आणि काब्रांचं गिटार एकाच ढिगात पडेल.)

कॉम्प्युटरवर उतरवणार असाल तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठी तान −६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये आधी टकटक काढा, मग खरखर. खरखरीचा नमुना तानपुरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतूनच घ्यायचा. आलापातली ‘शांत’ जागा निवडलीत तर प्रोग्रॅम तानपुऱ्यालाच खरखर समजतो, कारण तोही सतत, एकसारखा वाजत असतो. आधी जवारी (तारांची गुंजणारी झणकार) जाते, मग तानपुराच. मारव्यात तर गवय्या षड्ज शक्यतो टाळतो, तो सांभाळायला तानपुराच असतो. तो गेला की कोमल रिषभ कशाला टेकून उभा आहे तेच कळत नाही. ६ डेसिबलपेक्षा जास्त सफाई नको.

काळी_दोन:
इथे किशोरीताई आमोणकरांचा भूप-बागेश्री एलपी. जुन्या बाजारात हा घेताना बाहेरची चकाकी बघू नका, दिव्याखाली तिरपी धरून लेबलाजवळची दोन बोटं बघा. ‘सहेला रे’ तिथे आहे, आणि सगळ्यांनी सुई उचलून तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवलेलं असतं. तिथे खाचा करड्या दिसल्या तर सोडून द्या.

पेटीवर पट्टी जुळवून सोबत गाणाऱ्यांनी वेग तपासा. सहा टक्के वेग वाढला की पट्टी अर्धा स्वर चढते, काळी एकचं गाणं पांढरी दोनला वाजतं. एक टक्काही तानपुऱ्याशी भांडतो. ५० हर्ट्झच्या विजेसाठीची, रेघा आखलेली स्ट्रोब चकती घ्या, ३३⅓ ला १८० रेघा. रेघा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा दिसतच नाहीत, जुना तारेचा बल्ब किंवा निऑन लागतो.

लाखेची_तबकडी:
केसरबाईंची ‘जात कहाँ हो’. १९७७ मध्ये व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली ती हीच भैरवी, अवघी साडेतीन मिनिटं. ७८ ला (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला) एलपीची सुई लावू नका. तिचं टोक साधारण १८ मायक्रॉन, ७८ ला ७५ च्या आसपास लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी गाळ उपसत फिरते. व्हीएम ९५ च्याच अंगावर ७८ ची ‘एसपी’ सुई बसते, वजन ५ ग्रॅम. फोनो प्रीअ‍ॅम्पची (सुईचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) आरआयएए दुरुस्ती, म्हणजे खर्ज-ट्रेबलची ठरीव जुळवणी, नंतरची, त्यामुळे ७८ चा वरचा आवाज दबतो, ट्रेबल थोडा चढवा.

आणि पावसाळ्यात बुरशी आली म्हणून सरसकट अल्कोहोल फिरवू नका. व्हिनाइलला तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल चालतं. ७८ लाखेची, अल्कोहोलने लाख विरघळते. तिला पाणी आणि साबणाचा थेंब, फडकं खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. बुरशीचं जुनं कागदी पाकीट फेकाच, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच.

झूमरा_१४:
२ ग्रॅम, स्टीव्हन्सन, मोनो, तिन्ही केलं. दरबारी साफ. मारव्यात एका तानेला अजून फाटतं, दर वेळी त्याच जागी.

पांढरी_चार:
त्याच जागी म्हणजे ती खाचेतली झीज, आधीच्या मालकाच्या जड सुईची. सुई बदलून जाणार नाही. टोक आणखी बारीक असलेली सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते, पण एका तानेसाठी तेवढा खर्च कशाला?