उडीच्या स्पर्धेत घोडी ऐनवेळी अडली. चूक नेमकी कुणाची?

कोथरूडची_आई:
माझी मुलगी पंधरा वर्षांची. तीन वर्षं घोडेस्वारी शिकतेय. गेल्या रविवारी शो जंपिंगची, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायची, तिची पहिली मोठी स्पर्धा होती, 90 सेंटिमीटर उंच अडथळ्यांचा गट. सरावात एकही दांडी न पाडणारी घोडी चौथ्या अडथळ्यापाशी थबकली. त्याखाली पाणी भरलेला निळा ट्रे होता. मुलीनं वळवून परत आणली, परत अडली. घंटा वाजली, बाद. मिनिटभरात सगळं संपलं. तेव्हापासून पोरगी नीट जेवत नाही, मातीनं माखलेले बूट गॅलरीत तसेच पडलेत. कुणी म्हणतं घोडी बदला, कुणी म्हणतं मुलगी घाबरली. इतक्या सरावानंतरही असं होतं का? व्हिडिओ जोडलाय.

रेसवाला_परळ:
ताई, होतं. मी वीस वर्षं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जातोय, सगळ्यांनी ज्याच्यावर पैसे लावलेत तोच घोडा शेवटच्या वळणावर गळपटताना कितीदा पाहिलाय. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनल या कुंपणांवरून उड्या मारायच्या घोडशर्यतीत 1967 साली तेविसाव्या कुंपणापाशी एक बिनस्वाराचा घोडा आडवा गेला आणि मागून येणारे एकमेकांत अडकले. बराच मागे पडलेला फॉइनव्हॉन नावाचा घोडा त्यातून वाट काढून निघाला आणि जिंकला. भाव 100 ला 1 होता, म्हणजे एक रुपया लावला तर शंभर जिंकायचे. पुढे त्या कुंपणालाच त्याचं नाव दिलं. उडीतलं बारीक मला कळत नाही, ते जाणकार सांगतील.

निवृत्त_स्वार_फलटण:
ताई, मी जयपूरला लष्कराच्या 61 कॅव्हलरी या घोडदळात होतो, नोकरी घोड्यांवरच झाली. तुमचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. आवाज बंद करा आणि फक्त घोडीचे कान बघा. तिसरी उडी मारून उतरेपर्यंत दोन्ही कान पुढे आहेत. वळण घेतल्यावर ट्रे दिसतो आणि डावा कान मागे फिरतो. ती मुलीला विचारतेय, जायचं ना? नेमकी तेव्हाच मुलीची हनुवटी खाली गेलीय, तीही ट्रेकडेच बघतेय. स्वाराची नजर खाली गेली की खांदे पुढे येतात, सगळं वजन घोड्याच्या पुढच्या पायांवर जातं, मांड ढिली पडते. घोडीनं विचारलं, तिला उत्तर मिळालं नाही.

घोड्याला लाल रंग धड दिसत नाही, निळा मात्र ठळक दिसतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही, त्यामुळे उडी घेताना अडथळा नजरेआड झालेला असतो. स्वाराला आधी मैदानात पायी फिरून पावलं मोजता येतात. माणसाची चार लांब पावलं म्हणजे घोड्याची एक झेप, साधारण 12 फूट. घोड्याला ती सोय नाही. तो ते मैदान पहिल्यांदा बघतो ते स्पर्धेसाठी आत शिरल्यावरच.

माझंही सांगतो. एका स्पर्धेत माझा घोडा खंदकाच्या काठावर अडला आणि मी त्याच्या कानांवरून पलीकडे पडलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. उठून रागाच्या भरात मी त्याला दोन चाबूक मारले. दोन दिवसांनी नालबंदानं खूर साफ करताना तळव्याला अंगठ्यानं दाबलं, तर घोड्यानं पाय ओढून घेतला. खडा लागून तळवा आत ठेचला होता. त्या दोन चाबकांचं मला आजही वाईट वाटतं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत चिठ्ठीनं मिळालेला सेंट बॉय नावाचा घोडा अडला. पहिल्या क्रमांकावर असलेली जर्मन मुलगी घोड्यावर बसून रडत होती आणि तिच्या प्रशिक्षिकेनं कुंपणाबाहेरून घोड्याला बुक्की मारली. त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढलं. टीव्हीवर ते बघताना मला माझाच घोडा आठवत होता.

तेव्हा आधी घोडीचे खूर, दात आणि खोगिराखालची पाठ तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर निळी ताडपत्री आणा, घडी घालून वीतभर रुंदीची करा. मुलीनं खाली उतरून घोडीला हातानं धरून, पुढे एखादा जुना शांत घोडा ठेवून त्यावरून न्यावं. मग रोज थोडी थोडी उलगडत जा. ओढायचं नाही. घोडी थांबली तर आपणही थांबायचं. घोडी बदलू नका, ती बेइमान नाही. बेइमान घोडं विचारत बसत नाही, न विचारता बाजूनं पळतं.

कोथरूडची_आई:
काका, मुलीनं तुमचं उत्तर दोनदा वाचलं. मग व्हिडिओ थांबवून थांबवून कान पाहिले आणि म्हणाली, आई, मी खरंच खाली बघितलं होतं. काल स्वतःहून तबेल्यात आली. खूर आणि दात ठीक आहेत. ताडपत्रीपाशी घोडी अर्धा तास नाकानं फुरफुरत उभी होती, शेवटी एक पाय ठेवला आणि लगेच काढला. मुलगी तिच्या मानेला बिलगून खूप वेळ उभी होती. ताडपत्री दांडीखाली कधी ठेवायची?

निवृत्त_स्वार_फलटण:
घोडी ताडपत्रीवर चारही पाय ठेवून निवांत गवत खाईल, त्यानंतर. त्याआधी नाही. आणि पाठीचं तुम्ही लिहिलं नाहीत. खोगीर काढल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जा आणि अंग चोरते का ते कळवा.