मदत हवी आहे: छापखान्यातला एक्सपी काढू की ठेवू?

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विट्याला आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल आणि शिशाचे खिळे, माझ्या हातात आल्यापासून मिनी ऑफसेट आणि डीटीपी. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवस्थानच्या पावत्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. हे सगळं दोन कॉम्प्युटरवर चालतं.

पहिला २००६ सालचा, असेंबल केलेला. विंडोज एक्सपी, १ जीबी रॅम, पेजमेकर ७ (पानं मांडायचा प्रोग्राम) आणि मराठी फाँटचं पॅकेज. या पॅकेजचं लॉक, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून दिलेली छोटी डबी, मागच्या बाजूला, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावलेलं आहे. ते काढलं की मराठी बंद. या मशीनला इंटरनेट नाही.

दुसरा २०१६ चा. आय३, सहावी पिढी, ४ जीबी, विंडोज १०. जीएसटी, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप यावर. गिऱ्हाईक हल्ली मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकतं. ते इथं उतरवायचं, कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटमध्ये न्यायचं, पेनड्राइव्हवर घेऊन एक्सपीवर सेट करायचं आणि लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग (छपाईसाठी अर्धपारदर्शक कागदावरची प्रत) काढायचं.

आता या दुसऱ्यावर सारखी सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा पीसी ११ साठी पात्र नाही. गावातला दुरुस्तीवाला म्हणतो, "दादा, पाचशे द्या, दुपारपर्यंत ११ टाकून देतो, चेकिंग बायपास करायचं." पुतण्या पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो, दोन्ही भंगारात द्या, नवा लॅपटॉप घ्या. गेल्या दिवाळीत त्यानं पेजमेकर विंडोज १० वर टाकूनही बघितला. उघडला. पण लॉक लावायला त्या मशीनला पोर्टच नाही, आणि नुसते फाँट कॉपी करून उघडलेल्या पत्रिकेत "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि पौंडाच्या खुणा उमटल्या.

कुणी म्हणेल, बदलायला घाबरतोय. खिळे सोडून पडद्यावर आलो तेव्हा घाबरलो नव्हतो. पण तेव्हा जुने खिळे नव्या यंत्रात बसवायचे नव्हते, इथे बसवायचे आहेत. एक्सपीत चार हजारांवर फायली आहेत. पतसंस्थेचा अहवाल म्हणजे गेल्या वर्षीची फाईल उघडायची आणि आकडे बदलायचे.

आणि कन्व्हर्टरवर विश्वास किती ठेवायचा? एका देवस्थानच्या अहवालात उत्सवाच्या खर्चात "आचाऱ्यांची मजुरी" असं मॅटर आलं होतं. कन्व्हर्टरनं त्या ऱ्याचं रफार करून टाकलं. माझ्या नजरेतून सुटलं, प्रूफ बघणाऱ्याच्याही सुटलं आणि छापून गेलं "आचार्यांची मजुरी". सभेत एका कीर्तनकारांनी उभं राहून विचारलं की आम्हाला कधी मिळाली. सगळी पानं परत छापून दिली, पदरचा कागद घालून.

तर विचारायचं असं, की १० वरच राहिलो तर नक्की काय बिघडतं? बायपास करून ११ टाकावं का? आणि एक्सपीतून बाहेर पडायची वाट कुणी प्रत्यक्ष चाललंय का? "नवीन घ्या" एवढंच सांगायचं असेल तर ते घरी रोज ऐकतो. :)

सह्याद्रीपार

दोन्हीवर लिनक्स मिंट टाका, विषय संपला. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवर पळतं. मी दहा वर्षं वापरतोय.

खिळेजुळारी

@सह्याद्रीपार, त्यावर पेजमेकर आणि ते लॉक चालेल का?

सह्याद्रीपार

पेजमेकर वाईनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) कदाचित उघडेल. लॉकचं माहीत नाही. पण पानं मांडायला स्क्रायबस आहे ना!

मंगळवारचा_पॅच

सह्याद्रीपार, तुमचं लिनक्सप्रेम इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दादांनी विचारलं काय आणि तुम्ही वाढलंत काय. :)

खिळेजुळारी दादा, मी एका कंपनीत हेच काम करतो, शेकडो मशीन्सचे अपडेट. आधी विंडोज १० चं बोलू. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे मशीन बंद पडणार नाही. नवी भोकं सापडत राहतील आणि ती बुजवणारे पॅच येणार नाहीत, एवढाच अर्थ. मात्र मुदतवाढीची योजना आहे. घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केलात तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट. धंद्यासाठीची योजना वेगळी आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असं तीन वर्षं. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते का बघा.

११ तुमच्या मशीनला का नको म्हणतंय? टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीनमधल्याच सुरक्षेच्या सोयी, लागतात, त्या कदाचित असतीलही. पण इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या चिप यादीत आहेत आणि तुमची सहावी. बायपास केलं तर ११ चालेल, खोटं कशाला बोलू. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाची मोठी आवृत्ती सहसा आपणहून येत नाही, दरवेळी तीच खटपट. शिवाय ४ जीबी रॅममध्ये ११ म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली. मुदतवाढ घ्या, रॅम ८ करा, साधी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावा. वर्षभराची उसंत मिळते, तेवढ्यात पुढचं ठरवता येईल.

एक्सपीबद्दल मात्र मी पुतण्याच्या बाजूचा नाही. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, हे खरं. पण जे मशीन जाळ्यातच नाही त्याला जाळ्यातून येणारा किडा लागत नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा, आठवतोय? सगळे म्हणाले एक्सपीवाले बुडाले. प्रत्यक्षात बळी पडलेल्यांत बहुतेक विंडोज ७ होती, जिला तेव्हा सपोर्ट होता आणि जिचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच, आलेला होता. लोकांनी टाकला नव्हता. तुमचा खरा धोका तो पेनड्राइव्ह आहे. एक्सपीवर ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होणं) बंद करा, छापखान्याचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्या मशीनला कधीच लावू नका.

आणि एक सांगा, एक्सपीची हार्ड डिस्क कधीची आहे?

बिट्टूचीआई

धागा वाचून बाबांची आठवण आली. ते विंडोज ७ वर पत्रिका बघतात, म्हणजे जन्मपत्रिका, तुमच्यासारख्या छापायच्या नव्हे. मी न्यू जर्सीहून सुट्टीला आले आणि मोठ्या प्रेमानं नवं मशीन घेऊन ११ लावून दिलं. महिनाभरानं फोन केला तर जुनंच चालू. विचारलं का, तर म्हणाले, "अगं, स्टार्टचं बटण मधे जाऊन बसलंय, घरातलं देवघर कुणी हलवतं का?" ते बटण सेटिंगमधून डावीकडे आणता येतं हे मी फोनवर समजावलं, आणलं. तरी जुनंच. मग कळलं की त्यांच्या पंचांगाच्या प्रोग्रामची ग्राहकनोंद जुन्याच मशीनवर आहे आणि ते विकणारं दुकान कधीच बंद झालंय. बटण हे निमित्त होतं. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं हट्टी.

खिळेजुळारी

@मंगळवारचा_पॅच, हार्ड डिस्क? मशीनबरोबर आलेली ८० जीबीचीच. कधी बदलली नाही. हल्ली चालू करताना टकटक असा आवाज येतो, पण मग सुरू होतं. आणि तारीख दर सकाळी २००२ वर जाते, ती रोज हातानं बदलतो.

मंगळवारचा_पॅच

दादा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत!! तारखेचं सोपं आहे, आतली नाण्यासारखी बॅटरी संपलीये, सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळेल. पण तो टकटक आवाज म्हणजे डिस्क निरोप घेतेय. विंडोज, सपोर्ट, बायपास हे सगळं नंतर. आज त्या चार हजार फायली आणि फाँटचं फोल्डर बाहेर काढा. मग डिस्क काढून कुणाकडून तरी क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल, करून घ्या, त्यासाठी क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे. नुसत्या फायली पुरणार नाहीत. पेजमेकर, फाँट, प्रिंटरचा ड्रायव्हर हे सगळं परत बसवायच्या सीडी आहेत का तुमच्याकडे?

खिळेजुळारी

पेजमेकरची आहे. फाँटची सीडी आहे पण वाचत नाही. कामं बाजूला ठेवून आज रात्रीच बसतो.

दाबयंत्र

निपाणीहून लिहितोय, मीही याच धंद्यातला, म्हणून जरा तपशिलात. मी तीन वर्षांपूर्वी एक्सपीतून बाहेर पडलो. म्हणजे पूर्ण नाही, सांगतो.

माझी पहिली चूक ही की सगळ्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते त्या मराठीत, न्यायला बसलो. दोन महिने गेले. जुन्या फाँटमध्ये "क" हा "क" नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या किंवा खुणेच्या जागेवर "क" चं चित्र काढून ठेवलेलं असतं. अक्षर कसं दिसतं तेवढंच फाईलला ठाऊक, कुठलं आहे ते नाही. म्हणून तुमच्या पत्रिकेत पौंड उमटले. त्यात पेजमेकर ७ आला २००१ साली आणि पुढची आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे त्याला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही.

मग डोकं वापरलं. परत छापायला येणारी गिऱ्हाइकं किती, ते बिलबुकावरून काढलं. माझी निघाली साठ-सत्तर. बाकीच्या फायलींचं एक्सपीवरच पीडीएफ करून ठेवलं, कुणी जुनी पत्रिका दाखवायला मागितली तर दाखवता येते, बस. त्या साठ-सत्तरांची फाईल ज्याचं काम येईल त्या दिवशी नव्यानं सेट करायची, आधी नाही. मजकूर टाईप करायला मुलगी ठेवली, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर. कन्व्हर्टर वापरून मग तपासण्यापेक्षा नव्यानं टाईप केलेलं बरं, हा माझा अनुभव. "दऱ्या" चा "दर्या" झालेला डोळ्याला पटकन दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. तुमच्या आचाऱ्यांचं तेच झालं.

पेजमेकरची फाईल इनडिझाइनमध्ये (त्याच कंपनीचा नंतरचा प्रोग्राम) उघडायची असेल तर सीएस ६ पर्यंतच्याच आवृत्त्या उघडतात, नंतरच्या नाही. लिबरऑफिसचा ड्रॉ पण उघडतो, फुकट आहे, मात्र मांडणी हलते. दोन्हीकडे फाँट जुनाच राहतो हे लक्षात ठेवा, चौकटी आणि रेघा वाचतात एवढंच. अहवालाच्या तक्त्यांना तेवढाही उपयोग होतो. आणि सह्याद्रीपार म्हणतात ते स्क्रायबस अगदीच टाकाऊ नाही. नव्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, पूर्वी येत नव्हती. बिलबुकं मी त्यावरच करतो.

लॉकचं: युएसबी टू पॅरलल केबल घेऊ नका, ती प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यावर सहसा ओळखत नाही. माझे पैसे वाया गेले. फाँट बनवणाऱ्यांना जुन्या पावतीसकट फोन करा आणि जुनं लॉक जमा करून युएसबी लॉक मिळतं का विचारा. मला थोडे पैसे भरून मिळालं. ते मिळालं की एक्सपी व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्या मशीनच्या पोटात चालवता येतो, आणि युएसबी लॉक आत पोचतं. माझा एक्सपी आता असा खिडकीत राहतो. महिन्यातून दोनदा उघडतो.

सह्याद्रीपार

"अगदीच टाकाऊ नाही" हे प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावतो. :)

खिळेजुळारी

मंडळी, उशिरा लिहितोय, लग्नसराई आहे.

त्या रात्री फायली काढल्या. चाळीसेक फायलींवर डिस्क अडली, त्यात एका पतसंस्थेचे २०११ आणि २०१२ चे अहवाल गेले. ते परत कुणी मागेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्या आला होता, त्यानं डिस्क क्लोन करून दिली आणि तीच नवी आत बसवली. जुनी परत लावून बघितली तर उठलीच नाही. बॅटरी पण बदलली, तारीख आता टिकते.

विंडोज १० वर मुदतवाढीची लिंक दिसली, बॅकअपवाली वाट घेतली, पैसे लागले नाहीत. रॅम मागवलीये. पाचशेवाल्याला नको सांगितलं, तो जरा रुसलाय.

@दाबयंत्र, बिलबुकावरून मोजली. माझी परत येणारी गिऱ्हाइकं निघाली त्रेपन्न. मला वाटत होतं तीन-चारशे तरी असतील. युएसबी लॉकसाठी फोन केला, ते मूळ खरेदीची पावती मागतायत. ती वडिलांच्या ट्रंकेत असेल, रविवारी उघडतो. तुमच्याकडे इन्स्क्रिप्टवर टाईप करणारी मुलगी शिकवायला किती दिवस लागले, ते जरा सांगा. माझे हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या मांडणीवर, बसलेत.

दाबयंत्र

तिला तीन आठवडे. मला अजून जमत नाही. युनिकोडमध्ये रेमिंग्टनचाही कीबोर्ड मिळतो, तो टाका, पण ऱ्य ची कळ आधी शोधून ठेवा.