चाल्कोपायराइटमधले पांढरे कण: मिचनराइट की बिस्मथवालं मेरेन्स्कीआइट?

शिळा_आणि_शिरा:
सडबरीच्या (ओंटारियो, कॅनडा) पादभिंतीतल्या (धातुकाच्या खालच्या खडकातल्या) तांबेसमृद्ध शिरेचा पॉलिश केलेला नमुना तपासतोय. मुख्य खनिज चाल्कोपायराइट (तांबं-लोह सल्फाइड), थोडं पेंटलँडाइट (लोह-निकेल सल्फाइड), अधूनमधून मॅग्नेटाइट. चाल्कोपायराइटच्या कणांच्या सीमांवर बारीक, लख्ख पांढरे ठिपके आहेत. त्यातले दोन एसईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) ईडीएसने (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीने) मोजले. वजनी टक्केवारी अशी:

कण क (जेमतेम ४ मायक्रॉन): पॅलॅडियम २२.४, बिस्मथ ४३.६, टेल्यूरियम २८.०, तांबं २.१, लोह १.८, गंधक २.१
कण ख (१५ मायक्रॉन): पॅलॅडियम २७, टेल्यूरियम ५२, बिस्मथ २१

दोन्ही मिचनराइटच (पॅलॅडियम, बिस्मथ, टेल्यूरियमचे अणू १:१:१) समजायचे का, फक्त बिस्मथ कमीजास्त? 'क'मधलं तांबं, लोह खनिजाच्या रचनेतलं धरायचं का? आणि जाता जाता, दख्खन ट्रॅपमध्ये असलं काही सापडू शकतं का?

परावर्ती:
दोन्ही वेगळी खनिजं आहेत. टक्केवारीकडे बघू नका, अणूंच्या प्रमाणाकडे बघा.

आधी 'क'. तांबं, लोह आणि गंधक यांचे आकडे अणुभारांनी भागले की साधारण १:१:२ येतं. म्हणजे ते शेजारचं चाल्कोपायराइट आहे, कणातलं नव्हे. २० किलोव्होल्टला एवढ्या जड पदार्थात इलेक्ट्रॉन सुमारे दीड मायक्रॉन आत शिरतात आणि तेवढेच बाजूला पसरतात. ४ मायक्रॉनचा कण खाली निमुळता असेल तर यजमान खनिज मोजणीत येणारच. हे ६ टक्के वजा करून उरलेलं १०० वर आणलं की पॅलॅडियम २३.८, बिस्मथ ४६.४, टेल्यूरियम २९.८. शुद्ध मिचनराइटमध्ये २४.०, ४७.२, २८.८ असतं. तीन अणूंच्या हिशेबात ०.९९ : ०.९८ : १.०३. मिचनराइट म्हणायला हरकत नाही.

तांबं आणि लोह दिसतंय पण गंधक जवळजवळ नाही, असं कधी आलं तर कारण निराळं. तेव्हा किरण पूर्ण कणातच असतो, पण कणातून निघालेले जास्त ऊर्जेचे क्ष-किरण बाजूच्या चाल्कोपायराइटमधल्या तांब्या-लोहाला चेतवतात. तेही वजा करायचं, पण चाल्कोपायराइटचं सूत्र लावून नव्हे.

आता 'ख'. अणुभारांनी भागून पॅलॅडियम ०.२५४, टेल्यूरियम ०.४०८, बिस्मथ ०.१००. शेवटच्या दोघांची बेरीज पॅलॅडियमच्या दुप्पट. हे मेरेन्स्कीआइट, म्हणजे एका पॅलॅडियमला दोन टेल्यूरियम, आणि त्यातल्या पाचव्या हिश्शाच्या जागा बिस्मथने घेतलेल्या. खरी अडचण अशी की मिचनराइटमध्येही पॅलॅडियम आणि इतर दोघांची बेरीज यांचं प्रमाण १:२ च येतं. मेरेन्स्कीआइटमध्ये बिस्मथ भरपूर मावतं, त्यामुळे मधल्या आकड्यांवर नुसत्या रसायनाने निकाल लागत नाही. सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या वर मिचनराइट टिकतच नाही, तिथे बिस्मथने भरलेलं मेरेन्स्कीआइट असतं.

निकाल सूक्ष्मदर्शक देतो. मिचनराइट घनीय आहे, एकक कोशाची बाजू ६.६५ अँगस्ट्रॉम, म्हणून क्रॉस्ड निकोलखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहताना) आयसोट्रॉपिक, म्हणजे स्टेज फिरवली तरी काळंच. मेरेन्स्कीआइट त्रिकोणीय, ते स्टेज फिरवताना एका फेरीत चार वेळा उजळतं. तेलातलं लेन्स वापरा, फरक जास्त स्पष्ट दिसतो. मात्र मेरेन्स्कीआइटचा छेद मुख्य अक्षाला काटकोनात असेल तर तेही काळंच राहतं, तेव्हा एका कणावरून ठरवू नका. उलट बाजूने, पॉलिशचे ओरखडे आयसोट्रॉपिक कणालाही खोटी चमक देतात.

सूक्ष्मशलाका:
परावर्तींच्या हिशेबाशी सहमत. फक्त मूळ आकड्यांवर मी एवढा विश्वास ठेवणार नाही. 'क' आणि 'ख' दोन्हींची बेरीज नेमकी १००? म्हणजे सॉफ्टवेअरने नॉर्मलाइझ केलंय, बेरीज ओढून १०० वर आणलीय. खरी बेरीज ९२ आली असती तर मोजणीत गडबड आहे हे तिथेच कळलं असतं. ती सोय बंद करून परत मोजा.

सगळ्यात आधी हे तपासा: नमुन्यावर लेप कशाचा आहे? बऱ्याच एसईएम प्रयोगशाळांत सरसकट सोनं-पॅलॅडियमचा लेप देतात. पॅलॅडियमचं खनिज शोधताना त्याच्याइतकं निरुपयोगी काही नाही. कार्बनचा लेप घ्या, २० नॅनोमीटरच्या आसपास.

शक्य असेल तर ईपीएमएवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मशलाका यंत्रावर) डब्ल्यूडीएसने (तरंगलांबीवरून मोजण्याच्या जास्त काटेकोर पद्धतीने) करा. २० किलोव्होल्ट, २० नॅनोअँपिअर, मानकं शुद्ध पॅलॅडियम आणि बिस्मथ टेल्यूराइड. एकमेकांवर चढणाऱ्या क्ष-किरण रेषा लक्षात असू द्या: ऱ्होडियमची एल-बीटा (२.८३४ केव्ही) पॅलॅडियमच्या एल-अल्फावर (२.८३९) बसते, पॅलॅडियमची एल-बीटा (२.९९०) चांदीच्या एल-अल्फावर (२.९८४). 'थोडी चांदी आहे' असं लिहिलेले कितीतरी पॅलॅडियमचे कण प्रत्यक्षात चांदीविना असतात. ईडीएसवर अँटिमनीची एल-बीटा टेल्यूरियमच्या एल-अल्फाला चिकटते. मिचनराइटमध्ये बिस्मथच्या जागी अँटिमनी सहज शिरतं (त्या टोकाला टेस्टिबिओपॅलॅडाइट आहे), म्हणून ते वेगळं मोजलंच पाहिजे.

आणखी कण शोधताना बीएसई चित्राचा (परतलेल्या इलेक्ट्रॉनांचं चित्र, अणुक्रमांक जास्त तितकं खनिज लख्ख) कॉन्ट्रास्ट चाल्कोपायराइट काळं पडेपर्यंत ताणा. सरासरी अणुक्रमांक साधारण असे: चाल्कोपायराइट २३.५, हेसाइट (चांदी-टेल्यूरियम) आणि मेरेन्स्कीआइट ४९-५०, मिचनराइट ६५, गॅलेना (शिसं-गंधक) ७३, फ्रूडाइट (एक पॅलॅडियम, दोन बिस्मथ) ७५. म्हणजे सगळ्यात लख्ख ठिपका बहुधा गॅलेनाचाच निघतो, मिचनराइट त्याच्या एक पायरी खाली. गॅलेनाही आयसोट्रॉपिक आहे, पॉलिशमध्ये उपटलेले त्रिकोणी खड्डे दिसले तर ओळख पटते.

पॉलिशवाला:
ही खनिजं मऊ आहेत. मिचनराइटची कठीणता मोहस् मापावर अडीचच्या आसपास, चाल्कोपायराइट साडेतीन ते चार, मॅग्नेटाइट साडेपाचच्या वर. कापड मऊ आणि वेळ जास्त झाला की मऊ कण खोलगट होतात, कडा गोलावतात आणि मोजणी कमी येते. थंड इपॉक्सीत बसवा, कडक कापडावर हिरा ६, ३, १ मायक्रॉन, शेवटी पाव मायक्रॉन अगदी थोडा वेळ. प्रत्येक पायरीनंतर नमुना धुवा. कोलॉइडल सिलिका लांबवू नका.

परावर्ती:
ओळखीबद्दल एक भर, कारण जुनं वाचन केलं तर गोंधळ होतो. चार्ल्स मिचनर यांनी सडबरीच्या धातुकात हे प्रथम पाहिलं. १९५८ मध्ये हॉली आणि बेरी यांनी फ्रूड खाणीतल्या कणांवरून त्याला मिचनर यांचं नाव दिलं, तेव्हा ते पॅलॅडियम-बिस्मथचं समजलं जात होतं. टेल्यूरियम हा आवश्यक घटक आहे हे १९७३ मध्ये काब्री आणि हॅरिस यांनी दाखवलं. त्याआधीच्या यादीत 'मिचनराइट' दिसलं की रसायन तपासल्याशिवाय धरू नका.

कणसीमांवरच का सापडतं, तर सल्फाइड द्राव थंड होताना बिस्मथ आणि टेल्यूरियमला चाल्कोपायराइट-पेंटलँडाइटच्या जाळीत जागा मिळत नाही. ते उरलेल्या द्रावात साठतात, पॅलॅडियमला ओढतात आणि सगळ्यात शेवटी घट्ट होतात. नंतरच्या क्षारयुक्त पाण्याने किती हलवाहलव केली, यावर सडबरीबाबत वाद आहे.

दख्खनबद्दल: रशियातल्या नोरिल्स्कचं निकेल-पॅलॅडियमचं धातुक सायबेरियन ट्रॅपशी निगडित आहे, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. पण तिथे फायदा झाला तो लाव्ह्याच्या थरांचा नाही, त्यांना मॅग्मा पुरवणाऱ्या अंतर्भेदांचा (खडकांत घुसून आतच थिजलेल्या मॅग्माचा). त्यांच्या वाटेत अॅनहायड्राइटचे (कॅल्शियम सल्फेटचे) जाड थर होते, तिथून गंधक मिळालं. बेसाल्टच्या थरात हातभिंगाने पॅलॅडियम शोधण्यात अर्थ नाही. भारतात बघायचंच तर ओडिशातलं बौला-नुआसाही, तिथल्या गॅब्रो-ब्रेकियात (तुकड्यातुकड्यांच्या गॅब्रो खडकात) प्लॅटिनम गटाची खनिजं नोंदलेली आहेत.

शिळा_आणि_शिरा:
लेप सोनं-पॅलॅडियमचाच निघाला. मग पॅलॅडियमचे सगळे आकडे बाद?

सूक्ष्मशलाका:
पॅलॅडियमचे तर बादच, आणि बाकीचे १०० वर आणताना त्याच्यामुळे खाली दाबले गेले असणार. तुमच्या कणांत पॅलॅडियम २० टक्क्यांच्या वर आहे, सगळं लेपाचं असणं शक्य नाही. तोच किरण कणापासून लांब स्वच्छ चाल्कोपायराइटवर ठेवा, तिथे किती पॅलॅडियम दिसतं ते पाहा. त्यावरून दोष किती याचा अंदाज येईल, पण तो आकडा वजा करून अहवालात लिहू नका. पाव मायक्रॉनवर हलकं पॉलिश करून लेप काढा, कार्बन द्या, पुन्हा मोजा. त्याआधी दोन्ही कणांची जागा चित्रात नोंदवून ठेवा. ४ मायक्रॉनचा कण त्या पॉलिशमध्ये उडूनही जाऊ शकतो, म्हणून क्रॉस्ड निकोलची तपासणी लेप निघाल्यावर लगेच, पहिल्याच फेरीत उरकून घ्या.